हायड्रोजनची ज्वाला दाखवायची कशी? इंजिन चाचणीच्या एका शॉटचं प्रकरण

शाळकरी मुलांसाठीच्या एका मराठी विज्ञानमालिकेत रॉकेट इंजिनावर एक भाग होता. त्यासाठी इंजिनाच्या जमिनीवरच्या चाचणीचं एक सलग दृश्य आमच्या टीमकडून संगणकावर तयार करून हवं होतं. इंजिन स्टँडला पक्कं बांधलेलं. ते सुरू होतं, पूर्ण ताकदीला पोचतं, काही वेळ चालतं आणि बंद पडतं. कॅमेरा एका जागी उभा, वर निवेदकाचा आवाज. संहितेतलं इंजिन द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं होतं. सोबत नमुना म्हणून आलेल्या चित्रांत मात्र नारिंगी आगीचे लोळ होते आणि त्यातून काळा धूर उसळत होता.

या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जळला की पाणी तयार होतं. त्यात कार्बन नाहीच, मग काजळी येणार कुठून? केरोसीनवर चालणाऱ्या इंजिनाच्या ज्वालेचा पिवळा-नारिंगी झगमगाट हा तापून लाल-पिवळ्या झालेल्या काजळीच्या कणांचा असतो. चांद्रमोहिमांच्या सॅटर्न-५ रॉकेटमधलं एफ-१ इंजिन केरोसीनवर चालायचं, म्हणून त्याच्या खाली आगीची भिंत दिसते. हायड्रोजनच्या इंजिनाखाली भर दुपारी पाहिलं तर फिकट निळसर पारदर्शक झोत दिसतो, आणि बऱ्याचदा तोही नीट दिसत नाही.

निवेदक हायड्रोजन म्हणतोय आणि पडद्यावर केरोसीन जळतंय, असं दृश्य मुलांना दाखवायला आमची तयारी नव्हती. मूल ऐकलेलं विसरतं, पाहिलेलं विसरत नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत ठरवलं की इंधन संहितेतलंच राहील, आणि दिसण्याचा जो काही प्रश्न उभा राहील तो उजेड आणि कॅमेरा यांच्या मदतीने सोडवायचा.

कोणतं इंजिन

नुसतं ‘हायड्रोजनचं इंजिन’ एवढ्यावर काम होत नाही. दाब किती, नोझलचं (वायू बाहेर सोडणाऱ्या घंटेसारख्या भागाचं) तोंड केवढं, चाचणी कुठे चालली आहे, हे ठरल्याशिवाय झोताचा आकार ठरत नाही. आम्ही आरएस-२५ निवडलं. अमेरिकेच्या स्पेस शटलची मुख्य इंजिनं हीच होती, आणि आता एसएलएस या रॉकेटच्या तळाशी अशी चार असतात. मिसिसिपी राज्यातल्या नासाच्या स्टेनिस केंद्रात ती स्टँडवर चढवून तपासतात, आणि त्या चाचण्यांचं चित्रण नासाने भरपूर प्रसिद्ध केलेलं आहे. रेफरन्स मुबलक असणं हे या कामात सगळ्यात मोठं भांडवल.

आकडे असे. दहनकक्षातला दाब सुमारे २०६ बार. उंची साधारण ४.३ मीटर, नोझलच्या तोंडाचा व्यास २.३ ते २.४ मीटर. मूळ ठरवलेल्या ताकदीच्या १०९ टक्क्यांवर समुद्रसपाटीला थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) सुमारे १,८६० किलोन्यूटन, निर्वातात सुमारे २,२८०. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचं वजनी प्रमाण सहास एक.

हे शेवटचं प्रमाण आमच्या कामाचं निघालं. हायड्रोजन पूर्ण जळायला वजनाने आठपट ऑक्सिजन लागतो. इथे सहापटच दिला जातो, म्हणजे काही हायड्रोजन मुद्दाम न जळता ठेवलेला असतो. थ्रस्ट आणि कार्यक्षमतेवरून हिशेब केला तर इंजिनातून सेकंदाला सुमारे ५१४ किलो वायू बाहेर पडतो. त्यातली सुमारे ४९५ किलो पाण्याची वाफ, आणि अठरा-एकोणीस किलो मोकळा हायड्रोजन. हा मोकळा हायड्रोजन बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की झोताच्या कडेने पुन्हा जळतो. म्हणजे शॉटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी हव्यात: आतला गाभा, आणि त्याच्याभोवती हवेत जळणारी पातळ, थरथरती साल. एकाच शेडरने (रंग-पोत ठरवणाऱ्या सेटिंगने) दोन्ही रंगवले की झोत प्लास्टिकच्या नळीसारखा दिसायला लागतो.

गाभा सिम्युलेट का केला नाही

आमच्या टीममधल्या तरुण मुलांचा पहिला हात सॉल्व्हरकडे, म्हणजे वायूची हालचाल गणिताने काढणाऱ्या प्रोग्रामकडे, जातो. इंजिनाखाली एमिटर (वायू सोडणारा स्रोत) ठेवायचा, वेग द्यायचा आणि सिम, म्हणजे सिम्युलेशन, चालवायची. इथे ते का चालत नाही, हे आम्ही कागदावर मांडून दाखवलं.

नोझलमधून वायू सेकंदाला चार किलोमीटरहून जास्त वेगाने बाहेर पडतो. आपण सेकंदाला २४ फ्रेम दाखवतो. म्हणजे एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत तो वायू १७० मीटरच्या आसपास पुढे गेलेला असतो. आमच्या चौकटीत नोझलच्या तोंडापासून फ्लेम डिफ्लेक्टरपर्यंतचं (झोत आडवा वळवणाऱ्या खालच्या उतारापर्यंतचं) अंतर त्याच्या एक-दशांशाइतकंही नव्हतं. या फ्रेममध्ये दिसलेला वायूचा कण पुढच्या फ्रेममध्ये चौकटीतच नसतो, त्यामुळे झोतातला एखादा लोळ डोळ्याने पकडून त्याच्या मागे जाणं शक्यच नाही. रेफरन्सच्या चित्रणात गाभा जवळजवळ स्थिर, कोरीव दिसतो तो यामुळे. शटर १८० अंशांवर, म्हणजे फ्रेमच्या निम्म्या वेळापुरतं उघडं, असेल तर उघडीप एक-अठ्ठेचाळीसांश सेकंदाची. तेवढ्यात गेलेला ८५ मीटरचा प्रवास एका फ्रेमवर उमटतो आणि वायूतली सगळी बारीक घडण उभ्या रेषेत पुसली जाते.

दुसरी अडचण सॉल्व्हरच्या पोटातली. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधला मँटाफ्लो असो की हुडिनीतला पायरो, हे दोन्ही सॉल्व्हर वायू दाबला जात नाही असं धरून चालतात. मेणबत्ती, शेकोटी, चिमणीचा धूर, इमारत कोसळल्यावरची धूळ, या सगळ्यांना ते गृहीत धरणं पुरेसं आहे. रॉकेटच्या झोताचं सगळं सौंदर्य मात्र दाबला गेलेला वायू पुन्हा फुलण्यात आहे. दाबाचे धक्के, म्हणजे शॉक, या सॉल्व्हरना माहीतच नसतात. कितीही व्हॉक्सेल (घनाकृती पिक्सेल) ओता, त्यातून मॅक डायमंड, म्हणजे झोतात एकाखाली एक दिसणारे उजळ ठिपके, निघणार नाहीत.

म्हणून गाभा आम्ही हाताने बांधला. झोताच्या अक्षाभोवती फिरणारा एक उभा छेद घेतला, त्यावर आधी शॉकची मांडणी केली आणि मग तो छेद अक्षाभोवती फिरवून व्हॉल्यूम तयार केलं.

मांडणी कशी, तर इथे नोझलचं भौतिकशास्त्र समजून घ्यावं लागतं. आरएस-२५ला शटलबरोबर जमिनीपासून थेट अवकाशापर्यंत काम करायचं होतं, त्यामुळे त्याचं नोझल समुद्रसपाटीच्या मानाने फार रुंद फुललेलं आहे. तोंडाशी येईपर्यंत वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा बराच खाली गेलेला असतो. बाहेर पडल्याबरोबर हवा त्याला चेपते. म्हणून तोंडातून निघालेला झोत आधी आत चिंबतो. नोझलच्या कडेपासून तिरपे शॉक मध्याकडे उतरतात, मध्यभागी एक सपाट आडवी चकती तयार होते, आणि त्या चकतीच्या लगेच खाली वायू पुन्हा दाबला गेल्याने एकदम तापून उजळतो. तो उजळलेला ठिपका म्हणजे पहिला मॅक डायमंड. आरएस-२५च्या फोटोंमध्ये तो तोंडाच्या खाली साधारण एका व्यासाच्या आसपास दिसतो. पुढे दाब कमी-जास्त होत दुसरा, तिसरा. दर वेळी थोडा मंद आणि पसरट, कारण कडेची हवा मिसळत मिसळत गाभा खात जाते.

बहुतेक तयार इफेक्टमध्ये झोत तोंडातून निघाल्याबरोबर फुगत जाताना दाखवतात. अवकाशात किंवा फार उंचावर ते बरोबर आहे, कारण तिथे बाहेरचा दाब नाहीसाच असतो. जमिनीवरच्या चाचणीत आरएस-२५चा झोत फुगवला तर इंजिन माहीत असलेल्या माणसाला ते पहिल्या फ्रेममध्येच खटकतं. हा एवढा चिंबलेला आकार नीट उतरवायला आम्ही बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ दिला, आणि तो सत्कारणी लागला असं माझं ठाम मत आहे.

याच गोष्टीचं टोकाचं उदाहरण आपल्याकडे आहे. एलव्हीएम-३ रॉकेटच्या वरच्या टप्प्यातलं सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन अवकाशात पेटण्यासाठीच बनलेलं. त्याच्या नोझलच्या तोंडाचं क्षेत्रफळ गळ्याच्या, म्हणजे सर्वांत अरुंद भागाच्या, १०० पट, आणि तोंडाशी दाब जेमतेम ५० मिलिबार. बाहेरची हवा तब्बल हजार मिलिबारची. अशा वेळी झोत नोझलच्या भिंतीपासून आतच सुटतो, थरथरतो आणि नोझलला इजा होऊ शकते. एरवी अशा इंजिनाची चाचणी कृत्रिम निर्वात तयार करणाऱ्या कक्षात करतात. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रोने तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला नोझलसाठी खास संरक्षक व्यवस्था बसवून ही चाचणी समुद्रसपाटीच्या दाबातच यशस्वी केली. मालिकेच्या संहितेत हा संदर्भ आम्ही आग्रहाने घालून घेतला. मुलांना ‘झोत का चिंबतो’ हे सांगायला यापेक्षा चांगलं निमित्त नव्हतं.

शॉकची जागा एका जागी खिळवून ठेवली तर चित्र मेल्यासारखं दिसतं, जास्त हलवली तर रबरासारखं. खऱ्या चित्रणात चकती जागेवर राहते पण तिच्या कडा सतत थरथरतात. आम्ही छेदाला अक्षाच्या दिशेने अगदी थोडा, दर फ्रेमला नवा येणारा नॉइज (संगणकाने दिलेला अनियमित हेलकावा) दिला. फ्रेममागून फ्रेम सलग वाहणारा नॉइज मुद्दाम टाळला, कारण इतक्या वेगवान वायूत दोन फ्रेममध्ये काहीच सलग उरत नाही. बाहेरच्या जळणाऱ्या सालीला मात्र वाहता नॉइज दिला. ती हवेत मिसळून मंदावलेली असते आणि तिचे लोळ खरोखर दिसतात.

रंगाबाबत एक सापळा होता. शेडरमध्ये ब्लॅकबॉडीचा नोड हाताशी असतो: तापमान दिलं की रंग मिळतो. काजळीच्या ज्वालेला तो शोभतो. गरम वाफ मात्र तापलेल्या कोळशासारखी उजळत नाही. तिचं बहुतेक किरणोत्सर्जन अवरक्तात असतं, आपल्या डोळ्यांना न दिसणारं. दहनकक्षातलं ३,३०० अंश सेल्सियसच्या आसपासचं तापमान त्या नोडमध्ये टाकलं तर भगभगीत पिवळट-पांढरा झोत मिळतो आणि तो सपशेल चुकीचा असतो. तो नोड काढून टाकला. फोटोंवरून रंगपट्टी बनवली: डायमंडच्या मध्यात पांढुरका निळा, त्याभोवती फिकट निळा, सालीत किंचित तांबूस झाक. तीव्रता इतकी कमी ठेवली की झोताच्या मागचा स्टँडचा गर्डर त्यातून दिसला पाहिजे. गर्डर दिसतो का, हीच आमची रोजची कसोटी होती.

ढग

पडद्यावर सगळ्यात मोठी जागा व्यापणारी गोष्ट म्हणजे पांढरा ढग. हौशी लोक त्याला धूर म्हणतात. तो धूर नाही. इंजिनाची स्वतःची वाफ सेकंदाला अर्धा टन, आणि डिफ्लेक्टर वितळू नये म्हणून त्यावर सोडलेल्या पाण्याची वाफ त्याहून कितीतरी जास्त. झोत खाली डिफ्लेक्टरवर आदळतो, आडवा वळतो आणि त्या पाण्यासकट बाहेर फेकला जातो.

हा भाग मात्र सिमनेच करायचा होता, कारण इथवर वेग उतरलेला असतो. ढगासाठी १२० बाय ८० बाय ८० मीटरचा डोमेन (सिमची चौकट) घेतला. व्हॉक्सेल पाव मीटरचा धरला तर ४८० बाय ३२० बाय ३२०, म्हणजे सुमारे ४ कोटी ९० लाख व्हॉक्सेल. घनता, तापमान आणि वेगाचे तीन घटक असे पाच आकडे प्रत्येकी चार बाइटचे धरले तर एका फ्रेमला जवळपास एक जीबी. सरसकट साठवलं असतं तर आमच्या डिस्क पुरल्या नसत्या. ओपनव्हीडीबी या फाइल-प्रकारात रिकामी जागा साठवली जात नाही, त्यामुळे सुरुवातीच्या फ्रेम अगदी हलक्या आणि ढग भरला तशा जड होत गेल्या. वेगाचा चॅनेल मोशन ब्लरपुरता (वेगामुळे येणाऱ्या पुसटपणापुरता) अर्ध्या अचूकतेने ठेवला. दिसण्यात कसलाही फरक पडला नाही.

ढगाची मोठी अडचण आकाराची. सिममध्ये शंभर मीटरचा ढग बनवला तरी तो पडद्यावर हातभर वाटू शकतो, कारण डोळा आकार ओळखतो तो गतीवरून. मोठी गोष्ट सावकाश वळते. बाहेर फेकला जाणारा भाग जोरात, पण वर चढणारे फुलोरे जड आणि संथ, असा दोन वेगांचा ताल साधावा लागला. डिफ्लेक्टरच्या तोंडाशी वेगाचा स्रोत ठेवला आणि तिथून दूर जाताना खेच वाढवत नेली. उष्णतेमुळे मिळणारी उचल सुरुवातीला फार जास्त निघाली आणि ढग शेकोटीसारखा वर धावायला लागला. ती निम्म्याहून खाली आणल्यावर वजन आलं.

आता एक बारकावा, जो रेफरन्समध्ये बराच वेळ डोळ्यांसमोर असूनही आम्हाला मुद्दाम शोधून पाहावा लागला. डिफ्लेक्टरच्या तोंडाशी आणि पांढऱ्या ढगाच्या सुरुवातीला मधे एक मोकळा पट्टा असतो. खरी वाफ दिसतच नाही; ती थंड होऊन तिचे थेंब बनले की पांढरं दिसतं. चहाचं आधण उकळताना किटलीच्या चोचीपाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि त्यापुढे वाफ पांढरी होते, तेच इथे काही मीटरच्या मापाने होतं. आम्ही घनता तापमानाला बांधली: ठरावीक तापमानाच्या वर घनता शून्य, त्याखाली हळूहळू वाढती. ढगाच्या बाहेरच्या कडेला उलटा नियम, तिथे थेंब कोरड्या हवेत विरतात म्हणून कडा कुरतडत नेली. धुराच्या कडा पातळ होत लांबवर रेंगाळतात, वाफेच्या कडा चटकन नाहीशा होतात. एवढ्या एका फरकाने ‘धूर’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून ‘वाफ’ हा शब्द आपोआप आला. तो आमचा खरा निकाल.

पांढरेपणासाठी रेंडरमध्ये एक गोष्ट विसरून चालत नाही. पाण्याचे थेंब प्रकाश जवळजवळ शोषत नाहीत, फक्त विखुरतात. किरण ढगात शिरून कितीतरी वेळा उसळून बाहेर येतो. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडररमध्ये व्हॉल्यूमच्या उसळ्यांची संख्या मूळची शून्य असते. तशीच ठेवली तर ढगाची सावलीची बाजू मळकट राखाडी दिसते आणि पुन्हा धुराचा भास होतो. उसळ्या वाढवल्या, रेंडरचा वेळ वाढला, तो आम्ही निमूट सोसला.

‘आग कुठेय?’

पहिली जुळवलेली आवृत्ती भर दुपारच्या उन्हातली होती, आणि ती पाहून मालिकेच्या लोकांनी विचारलं ते हेच. त्यांचं म्हणणं अगदी वाजवी होतं. दुपारच्या आकाशापुढे निळसर पारदर्शक झोत, त्यामागे पांढरा ढग; मुलांना इंजिन चालू झालंय हे कळायचं कसं? त्यांनी सुचवलं की थोडा नारिंगी रंग घाला, शैक्षणिक सोय म्हणून.

आम्ही नारिंगी रंग घातला नाही, वेळ बदलली. शॉट दुपारवरून संध्याकाळवर नेला. कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून ठेवला, त्यामुळे सूर्य ढगाच्या मागे आणि क्षितिजाजवळ आला. याने दोन गोष्टी साधल्या. नोझलच्या मागे स्टँडची सावलीतली काळपट बाजू आली आणि तिच्यावर निळा झोत स्पष्ट उठून दिसला. तीव्रता एका अंशानेही न वाढवता. आणि थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरत असल्याने मावळत्या सूर्याने ढगाच्या कडा सोनेरी-नारिंगी पेटवल्या. ज्यांना नारिंगी हवा होता त्यांना तो मिळाला, आणि तो सूर्याचा होता.

एक्स्पोजरही झोतासाठी न ठेवता ढगासाठी ठेवलं. घन इंधनाच्या बूस्टरचा झोत इतका प्रखर असतो की साध्या कॅमेऱ्यात तो नुसता पांढरा डाग होऊन बसतो; जून २०१६ मध्ये युटातल्या बूस्टर चाचणीत नासाने त्याची आतली घडण टिपायला खास हायडायआरएस-एक्स कॅमेरा लावला होता. हायड्रोजनचं उलटं. इथे झोत मंद आणि उन्हातला ढग प्रखर. झोताच्या प्रकाशाने आजूबाजूचं काँक्रीट उजळावं असा मोह प्रत्येक लाइटरला होतो, तो आवरावा लागला. काँक्रीटवर उजेड पडला तो ढगावरून परतलेल्या सूर्यप्रकाशाचा.

सुरुवात आणि शेवट

चालू अवस्थेपेक्षा सुरुवातीचे काही सेकंद जास्त बोलके असतात. प्रज्वलनापासून पूर्ण ताकदीपर्यंत साधारण पाच सेकंद जातात. दाब अजून चढत असताना झोत नोझलच्या भिंतीपासून आतच सुटलेला असतो, त्याची कड आत-बाहेर धावते, आणि बाजूच्या असमान दाबाने एवढं मोठं नोझल अक्षरशः हिंदकळतं. या वेळी हवेत जळणारा हायड्रोजन फिकट तांबूस-नारिंगी दिसतो, इकडेतिकडे भरकटतो. मग दाब पुरेसा चढला की एका क्षणात सगळं आवरलं जातं: तांबूसपणा ओसरतो, झोत सरळ होतो, पहिली चकती जागेवर बसते. तो क्षण आम्ही फ्रेममागून फ्रेम हाताने कीफ्रेम केला. नोझलच्या मॉडेललाही किंचित लवचीकपणा दिला, जो पूर्ण ताकदीला पोचल्यावर शून्यावर येतो.

प्रज्वलनापूर्वी नोझलखाली ठिणग्यांचे फवारे दाखवा, असंही सुचवलं गेलं. शटलच्या उड्डाणात ते दिसायचे आणि त्यांनीच इंजिन पेटतं असा सर्रास समज आहे. ते फवारे नोझलखाली साठलेला मोकळा हायड्रोजन वेळीच जाळून टाकण्यासाठी होते. इंजिनाचे स्वतःचे इग्नायटर आत असतात. आमच्या शॉटमध्ये त्याऐवजी दूर कोपऱ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या फ्लेअर स्टॅकची अस्पष्ट थरथर ठेवली. लक्षात येणाऱ्याच्या येईल.

नोझलवरचं दहिवर हा माझा आवडता तपशील. नोझलची भिंत १,०८० बारीक नळ्या जोडून बनलेली आहे आणि त्यांतून अतिशीत हायड्रोजन फिरवला जातो. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांचा. आत हजारो अंशांची उष्णता असताना बाहेरच्या अंगावर हवेतली वाफ गोठून बसते. नोझलच्या पोताला खालच्या कडेपासून वर चढत जाणारा खरखरीत पांढरा थर दिला आणि त्याच्या वरून हवेतली गार धुक्याची जावळं खाली घसरवली. निवेदकाला या जागी एक जास्तीचं वाक्य मिळालं.

बंद होताना ऑक्सिजन आधी तुटतो, हायड्रोजन नंतर, म्हणजे इंजिनातला शेवटचा क्षण इंधनाने भरलेला असतो. उलट क्रम झाला तर गरम ऑक्सिजन धातूच खाऊन टाकेल. त्यामुळे निळा झोत कोसळल्यावर नोझलच्या कडेला थोडा वेळ आळशी तांबूस ज्वाला खेळत राहतात. ढग मात्र लगेच थांबत नाही, पाणी चालूच असतं.

आवाज उशिरा

कॅमेरा स्टँडपासून ४०० मीटरवर धरला होता. आवाजाला तिथवर यायला सुमारे १.१७ सेकंद लागतात, म्हणजे २८ फ्रेम. प्रज्वलन दिसतं, शांतता असते, आणि मग गडगडाट येतो. कॅमेऱ्याची थरथर आम्ही त्याच्याबरोबरच सुरू केली, आधी नाही. संकलकाला वाटलं की आवाजाचा ट्रॅक सरकला आहे. निवेदनात ‘आधी दिसतं, मग ऐकू येतं’ असं एक वाक्य घातल्यावर प्रश्न मिटला.

आवाजाने पार्श्वभूमीही ठरवली. स्टेनिसभोवती आवाजापासून संरक्षण म्हणून सुमारे ५०० चौरस किलोमीटरचा पट्टा मोकळा राखलेला आहे. १९६१ मध्ये जागा जाहीर झाली तेव्हा तिथल्या पाच वस्त्यांमधल्या लोकांना घरंदारं सोडून उठावं लागलं. म्हणून मागच्या क्षितिजावर ना इमारत ना मनोरा. सपाट जमीन आणि पाइनची रांग, बस. मॅट पेंटिंग (पार्श्वभूमीचं चित्र) करणाऱ्या मुलीने आधी दूरवर गावाचे दिवे टाकले होते. ही हकीकत कळल्यावर तिने ते स्वतःहून पुसले.

गरम हवेची झिलमिल शेवटी कॉम्पमध्ये, म्हणजे चित्राचे थर एकत्र जुळवताना, घातली. सालीच्या व्हॉल्यूमचा एक वेगळा पास काढला आणि त्याच्या उतारावरून मागची प्लेट काही पिक्सेल सरकवली. गर्डरच्या सरळ कडा वाकताना दिसल्या की झोत तिथे आहे हे डोळ्याला पटतं, रंग असो वा नसो. मालिकेच्या लोकांनी दुसऱ्या फेरीत ‘आग’ हा शब्द वापरला नाही. त्यांनी चकत्या मोजल्या आणि विचारलं, या अशा एकाखाली एक का दिसतात? ते उत्तर निवेदनात गेलं.

त्याच मालिकेत पुढे इस्रोच्या विकास इंजिनाचा शॉट आहे. तिथे इंधन यूएच-२५ (हायड्रॅझिनच्या जातीचं द्रव मिश्रण) आणि ऑक्सिडायझर, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ, नायट्रोजन टेट्रॉक्साइड. सुरुवातीला तांबूस-तपकिरी वायूचा झोका येतो आणि मग झोत पारदर्शक नारिंगी होतो. शॉकचा सांगाडा नव्या नोझलच्या मापांनी पुन्हा मांडायला घेतला आहे, निळी रंगपट्टी काढली आहे, दहिवराचा पोत बंद केला आहे. महेंद्रगिरीच्या चाचण्यांचं जेवढं चित्रण इस्रोने प्रसिद्ध केलंय ते फ्रेम-फ्रेम करून भिंतीवर लावलंय.